कासारमावशीची पाच घरं

माझ्या उभ्या आयुष्यात कासारमावशीइतकं भित्रं माणूस मी पाहिलं नाही, आणि मी स्वतः काही शूर नाही हे लक्षात घेऊन सांगते. ती कुत्र्याला भ्यायची, विजेला भ्यायची, एस.टी.च्या कंडक्टरला भ्यायची. पोलीस दिसला की काही केलेलं नसताना पदर डोक्यावरून पुढे ओढायची. मांजरीनं भांडं पाडलं तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं आणि पुढे अर्धा तास ती छातीवर हात ठेवून बसायची. आणि अशी ही बाई पोटासाठी रोज सकाळी परक्या दारात उभी राहून ‘बांगड्या भराऽऽ’ म्हणून हाक मारायची. तिला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

मी जळगाव जामोदला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. वर्गात नकाशा जुनाच टांगलेला होता आणि नव्या राज्याच्या सीमा मी त्यावर लाल पेन्सिलीनं काढून शिकवायची. मी मूळची मेहकरकडची, डोणगावची. घर सोडून राहायची पहिलीच वेळ. मोठ्या बाईंनी मला खोली पाहून दिली ती कासारमावशीच्या घरातली, मागची. पुढे तिची ओसरी, आणि ओसरीत खुंट्यांवर बांगड्यांच्या माळा. सकाळी ती माळा खांद्यावर टाकून गावात जायची आणि दुपारी बाया ओसरीतच येऊन बांगड्या भरून जायच्या. पहिल्या दिवशी मी मधल्या दाराला माझ्या बाजूनं कडी घातली. थोड्या वेळानं पलीकडूनही कडी घातल्याचा आवाज आला. आमची ओळख तिथून सुरू झाली.

मावशीचा नवरा नऊ वर्षांपूर्वी बऱ्हाणपूरकडे गिरणीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. सुरुवातीला दोन-चार कार्डं आली, मग तीही थांबली. तो आहे की नाही, असला तर कुणाबरोबर आहे, काही कळायला मार्ग नव्हता. पण जोवर कळत नव्हतं तोवर मावशी सवाष्ण होती. कपाळावर कुंकू होतं, मनगटात बांगड्या होत्या, आणि म्हणूनच गावातल्या नवऱ्या मुलींचा हिरवा चुडा तिच्या हातून भरला जायचा. त्या चुड्यांवरच तिचं वर्ष निघायचं. विधवेच्या हातून चुडा कोण भरून घेणार? नवरा परत यावा असं तिला वाटत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्याची बातमी येऊ नये, एवढं मात्र तिला रोज उठल्यापासून वाटत असे.

सकाळी निघण्याआधी ती पदराच्या काठाला पाच गाठी मारायची. पाच गाठी म्हणजे पाच घरं. एका घरी हाक मारून झाली की एक गाठ सोडायची, मग तिथे बांगड्या भरल्या जावोत की ‘पुढच्या महिन्यात ये’ म्हणून दार लागो. पाचवी गाठ सुटली की ती माघारी फिरायची. वाटेत सहाव्या घरातून कुणी हाक मारली तरी ‘उद्या येतो माय’ म्हणून पाय उचलायची. मला हे काही पटेना. एखादी काहीच घेत नाही तरी ते घर मोजायचं, हा कुठला हिशेब, असं मी तिला विचारलं.

‘हाक मारनं माह्या हातात हाय, बाई,’ ती म्हणाली. ‘घेनं न घेनं त्यायच्या मर्जीवर. जे माह्या हातात नाही ते म्या काऊन ठरवू?’

मी तेव्हा ट्रेनिंग करून नुकतीच आलेली. टाचण, वेळापत्रक, महिन्याचं नियोजन हे सगळं अंगात मुरलेलं. लग्नसराई तोंडावर आली होती, तेव्हा मी तिच्या मागे लागले की मावशी, आठ घरं करा. कागदावर तिला गल्ल्याही आखून दिल्या. ती नको नको म्हणत होती, पण मास्तरीणबाई सांगते म्हटल्यावर नाही म्हणायलाही भ्यायली. त्या दिवशी आठ गाठी मारून गेली. पाच घरं नेहमीसारखी झाली, सहाव्या दारात कुत्रं अंगावर आलं आणि ती माळा सांभाळत तशीच घरी पळत आली. तीन गाठी राहिल्या होत्या. संध्याकाळी तिनं भाकरीला हात लावला नाही.

‘पाच ठरवले अन् पाच झाले, तं मानूस जेवते न झोपते,’ ती म्हणाली. ‘आठ ठरवले अन् पाच झाले, तं ते तीन घरं येऊन छातीवर बसतात. मले तं तसंच भेव. त्यात तुमी आनखी तीन घरांचं भेव घालून देल्लं.’ मी तो कागद गुपचूप फाडला. पुढे शाळेत वर्षाच्या सुरुवातीला मोठमोठे संकल्प फळ्यावर लिहिले जायचे तेव्हा मी आपली माझ्या वर्गापुरतं ‘या महिन्यात सातचा पाढा’ एवढंच लिहायची. तपासनीस हसायचे. माझ्या मुलींना पाढा यायचा.

तिची खरी जात दिसायची ती बांगड्या भरताना. एरवी थरथरणारे तिचे हात समोरचीचा पंजा हातात आला की एकदम शांत व्हायचे. अंगठ्याचं हाड आत दाबत, बोटं एकावर एक गोळा करत ती बांगडी अशी सरकवायची की घालून घेणारीला कळायचंही नाही. नव्या नवरीचा हात भीतीनं ताठ होतो, आणि ताठ हातावर काच टिकत नाही. अशा वेळी मावशी हळूच म्हणायची, ‘हात सोड पोरी. तू काऊन भेऊन राह्यली? भ्यायले मी हाय ना इथं.’ पोरगी हसायची, हात सैल पडायचा, आणि बांगडी आत. बांगडी फुटली असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. मावशीच्या ओसरीत तो शब्ददेखील वर्ष वर्ष ऐकू येत नसे. नवरीच्या हातात काच वाढणं म्हणजे केवढा अपशकुन, हे ज्या घरांत मुली आहेत त्यांना सांगायला नको.

टपालवाल्याचं तर तिनं कमालीचं भय घेतलं होतं. त्याची सायकल गल्लीत वळली की ती आतल्या खोलीत जायची. मी राहायला आल्यावर तिला सुटल्यासारखं झालं. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा घरात येणारं कार्ड माझ्याच हाती पडावं असं तिनं टपालवाल्याला सांगून ठेवलं. मला म्हणाली, ‘तुमीच वाचत जा. चांगलं असन तं सांगजा.’

‘आणि वाईट असलं तर?’

तिनं खुंटीवरची माळ सारखी केली. मग म्हणाली, ‘मंग आधी मले बसवजा.’

वैशाखात शाळा सकाळची होती. अकराला घरी आले तर टपालवाला ओट्याशी सायकल टेकवून उभा. त्यानं कार्ड दिलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. त्यानं ते वाचलं होतं. मावशीच्या चुलतदिरानं बऱ्हाणपूरहून लिहिलं होतं. तिचा नवरा दवाखान्यात वारला होता. दिवस-तेरावं तिकडेच उरकलं होतं. मरणाची तारीख लिहिली होती, तिला सोळा दिवस झाले होते. खाली लिहिलं होतं, वाचताच फाडावे. मौतीचं कार्ड घरात ठेवू नये, वाचल्याबरोबर फाडावं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण आधी मावशीला गाठायला हवं होतं. मी ते तसंच मुठीत धरून तिला शोधायला धावत सुटले, कारण त्या दिवशीचं तिचं पाचवं घर मला ठाऊक होतं. पेठेतल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी कुसुम नावाच्या मुलीचा चुडा भरायचा होता. दुसऱ्या दिवशी हळद होती.

ती मला पेठेच्या तोंडाशी, निंबाखाली भेटली. चौथ्या घरून निघालेली. माझा चेहरा पाहिला, मूठ पाहिली, आणि मी काही बोलायच्या आत ती स्वतःच पारावर बसली. ‘वाचा,’ म्हणाली.

मी वाचलं. ती रडली नाही. ‘किती दिवस झाले म्हनता?’ तिनं विचारलं. सोळा म्हटल्यावर तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. ‘एवढ्या दिसात म्या दोन पोरींचे चुडे भरले. त्या बऱ्या हायत ना, बाई?’ नवऱ्याच्या मरणाच्या बातमीनंतर तिच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. मी म्हटलं, बऱ्याच असणार. मला काय ठाऊक होतं!

आणि मग मी तिला जे सुचवलं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, ‘मावशी, आज कुणाला काही बोलू नका. चुडा भरून घ्या. कार्ड उद्या आलं असं सांगू.’ माझ्या डोळ्यांपुढे तिच्या ओसरीतल्या त्या रिकाम्या होणाऱ्या खुंट्या होत्या.

‘अन् त्या पोरीले काही झालं तं?’ ती म्हणाली. ‘न सांगता भरलं तं मी जलमभर भेवानं मरीन. सांगून हाकलून देतीन, तं देवो.’ तिनं पदर चाचपला. शेवटची गाठ होती. ‘पाच ठरले होते. चला. मले एकटीनं नाही होत.’

त्या घरापुढे मांडव पडला होता, हिरवा पाला अजून ताजा होता. मावशी दाराशी उभी राहिली आणि तिच्या तोंडून हाक निघेना. मी तिला मागून धरलं होतं. शेवटी आतूनच कुसुमची आई बाहेर आली, ‘काऊन वो, बाहेरच काऊन?’ म्हणत. तेव्हा मावशीनं बांगड्यांची माळ खांद्यावरून काढून उंबऱ्यावर ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. म्हणाली, ‘चुडा आनला हाय. तुमच्यातली कोनी भरा. हात कसा दाबाचा ते मी इथूनच सांगतो.’

कुसुमची आई दोन पावलं मागे सरकली. ‘सुतकाची बाई माह्या मांडवात!’ एवढंच तिच्या तोंडून निघालं. आतल्या बाया दाराशी गोळा झाल्या आणि मावशीकडे अशा पाहू लागल्या की मीसुद्धा तिचा हात सोडून द्यावा असं मला क्षणभर वाटलं. मग कुणीतरी पाणी शिंपडून माळ आत नेली. कुसुमची मामी चुडा भरायला बसली. आम्ही दोघी मांडवाच्या कडेला, उन्हात.

पहिली बांगडी वाढली. मावशी तिथूनच म्हणाली, ‘अंगठा दाबा, अंगठा.’ दुसरी वाढली. कुसुम रडायला लागली, आणि रडणाऱ्या मुलीचा हात तर लाकडासारखा होतो. तिसरीही वाढली, तेव्हा आई भिंतीला टेकून खालीच बसली. इकडे विधवेचा हात आणि तिकडे नवरीच्या मनगटातून पडणारी काच. कशाला जास्त भ्यावं तेच त्या घराला कळेना.

अशा वेळी कुसुमची आजी काठी टेकत बाहेर आली. वाकलेली, डोळ्यांनी अधू. तिनं मावशीचं मनगट चाचपलं. ‘तुह्या हातात आजून हायत ना वो?’

‘हायत. पन संध्याकायी...’

‘संध्याकायचं संध्याकायी पाहू. हिरीवर जाय, डोक्यावरून पानी घे, अन् ये. पोरीचा हात सोलून राह्यला तिकडं.’

मावशी विहिरीवर गेली. नेसत्या लुगड्यानिशी तिनं डोक्यावरून बादली ओतून घेतली आणि निथळत आत आली. तिच्या मागे शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उमटत गेली, आणि त्या पावलांमागून मीही आत गेले. ती कुसुमसमोर बसली, पंजा हातात घेतला. ‘हात सोड पोरी,’ म्हणाली. पुढचं नेहमीचं वाक्य ती बोलू शकली नाही, ओठ नुसते हलले. एकेक करत दोन्ही हातांचा चुडा भरला गेला. एकही काच वाढली नाही. आणि ते मौतीचं कार्ड सगळा वेळ माझ्या मुठीत होतं! ते फाडायचं मी विसरले होते, आणि नवरीच्या समोर ते घेऊन उभी होते. घरी आल्यावर चुलीत घातलं. हे मी मावशीला कधीच सांगितलं नाही. तिला एवढं भय पुरे होतं.

संध्याकाळी तिनं स्वतःच्या बांगड्या वाढवल्या. दुसऱ्या दिवसापासून ओसरी ओस पडली. बाजारात एक बांगडीवाला बसायचा, त्याच्याकडे बाया जाऊ लागल्या. मावशी लहान मुलींच्या बांगड्या घेऊन निघायची, पण पुष्कळ दारं हाक ऐकूनही उघडत नसत. महिन्याभरात पाच गाठींच्या दोन झाल्या आणि श्रावणात एक. मला वाटलं, ही आता बसणार. तिला मी तसं म्हटलंही. ‘एक घर होते बाई,’ ती म्हणाली. ‘एकाचं भेव मले झेपते.’ आणि रोज एक हाक मारून यायची.

तिचा सगळा जीव कुसुममध्ये अडकला होता. कुसुमला वरवट बकालला दिलं होतं. वरवटची गाडी आली आणि तिकडचं कुणी उतरलं की मावशी मला पुढे करायची, ‘पुसा ना बाई, तिचं बरं हाय ना?’ कुसुमचा नवरा तापानं पडला असं एकदा कळलं, तेव्हा तो उठून शेतात जाईपर्यंत मावशीनं एक वेळचं जेवण सोडलं. मी तिला समजावायची, पण खरं सांगू का, त्या तापाच्या दिवसांत शाळेत शिकवताना माझंही लक्ष नसायचं. शिकलेली होते, तरी मलाही भीती वाटत होती.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला कुसुम पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. वेणा सुरू झाल्या आणि दोन दिवस सुटका होईना. गावात कुजबुज चालू झाली, आणि ती आमच्या ओसरीपर्यंत आलीच. पाण्याला जाणाऱ्या बाया दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलल्या, ‘सुतकाच्या हातानं भरलेला चुडा. दुसरं काय व्हनार?’ मावशी भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. मी विचार करत होते की त्या मुलीचं काही बरंवाईट झालं तर या बाईला गाव सोडावं लागेल, आणि ही जाणार तरी कुठे?

तिसऱ्या दिवशी सकाळी कुसुमची आई आमच्या गल्लीत येताना दिसली. एकटी, भराभर चालत. मावशी उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. माझा पदर तिनं घट्ट धरला होता. ‘तुमी पुसा,’ म्हणाली, ‘मले नाही पुसवत.’

माझ्याच्यानंही विचारवेना. कुसुमची आई पायरीशी थांबली. दोन रात्रींच्या जागरणानं तिचे डोळे लाल झाले होते. ‘पोरगी झाली,’ ती म्हणाली. ‘दोघीबी बऱ्या हायत.’

मावशी होती तिथेच खाली बसली. कुसुमची आई ओसरीत आली, तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, ‘भर.’

‘म्या?’

‘तं कोन? भर म्हनतो ना.’

मावशीनं खुंटीवरची हिरवी माळ उतरवली, दोरा सोडला. तिनं तो पंजा हातात घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पंजा हातात असताना तिचे हात थरथरायचे थांबेनात. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी आली आणि काड्कन वाढली. तुकडे आमच्या तिघींच्या मधे पडले. विधवेच्या हातून, सवाष्णीच्या मनगटावर, आणि तीही बाळंतिणीची आई. मावशी डोळे विस्फारून त्या काचांकडे बघत राहिली.

कुसुमच्या आईनं दुसऱ्या हातानं तुकडे बाजूला सारले.

‘दुसरी घे,’ ती म्हणाली.